रागनावरून उतरताना

"हाल्वर, सूप ढवळ लेका. जहाज थरथरतंय म्हणून तूही थरथरायलाच हवं का?" सिगब्योर्न खलाशी हसला, पण ते हसू अर्ध्यावरच विरलं. खालून, लाकडाच्या पोटातून, पुन्हा तसाच कण्हल्यासारखा आवाज आला.

आचारी हाल्वरने वाटाण्याच्या सुपाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. उभी हयात समुद्रावर गेली, तरी त्याची भीती गेली नव्हती. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो बंदराच्या धक्क्यावर सगळे त्याला 'ससा' म्हणत. तो हसून सोडून देई. स्वयंपाकाखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि दर वसंतात सीलच्या शिकारीला निघणाऱ्या जहाजांना आचारी लागतच.

त्यांची ही बोट, 'रागना', एके काळी नावाजलेली होती. संशोधकांना घेऊन ती दक्षिणेच्या बर्फात गेली, तेव्हा निरोप द्यायला खुद्द राजा आला होता. तिचं पोट मुद्दाम गोल बांधलेलं. बर्फाने दाबलं की ती अलगद वर उचलली जाई. पुढे तिच्या नशिबी कोळसा आला, मग सीलची कातडी. मधल्या एका मालकाने मोठं इंजिन बसवायला तिच्या पोटाला आतून पेलून धरणाऱ्या तुळया कापल्या. कप्तान तुर्लाइफ त्या जुन्या मोहिमेत कोवळा खलाशी होता. तुळयांचा विषय काढलेला त्याला खपत नसे.

"उचलली जाईल ती," सकाळी बर्फाने जहाज आवळलं तेव्हापासून तो सांगत होता. "दक्षिणेत याहून वाईट बर्फ पाहिलाय तिनं."

दुपारी बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि इंजिनाच्या खोलीत पाणी घुसलं. माणसं भराभर दोराच्या शिडीने बर्फावर उतरली. दूरवर दुसऱ्या शिकारी जहाजाचा धूर दिसत होता.

"कप्तान कुठंय?" हाल्वरने विचारलं.

"तो नाही यायचा. तीनदा हाका मारल्या," सिगब्योर्न खालून ओरडला. "उतर लवकर!"

हाल्वरचा एक पाय शिडीवर होता. तो त्याने मागे घेतला.

कप्तान आपल्या खोलीत टोपी घालून बसला होता. उंबऱ्यावरून पाणी आत येत होतं.

"जा हाल्वर."

"जातो. पण कप्तान, बर्फावरून एकट्यानं चालवत नाही मला. भेग दिसली की पाय उचलतच नाही."

"बाकीचे आहेत ना?"

"ते निघाले पुढं. मी मध्येच अडकून पडेन." त्याचे दात वाजत होते. यात खोटं काहीच नव्हतं. "तुम्ही नाही आलात तर मी इथंच थांबतो."

कप्तान त्याच्याकडे बघत राहिला. "जन्मभर भित्राच राहिलास, मेल्या."

"होय, कप्तान."

कप्तान उठला.

हाताला धरून तो हाल्वरला बर्फावरून नेऊ लागला. मागे फळ्या फुटत होत्या. पायाखालचा बर्फ हलला की हाल्वर जागीच थांबे. तो सारखा वळून पाही. कप्तानाने एकदाही मान वळवली नाही.

"गेली का?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"डोलकाठी दिसतेय अजून."

आणखी थोडं अंतर गेल्यावर कप्तान पुन्हा म्हणाला, "आता?"

हाल्वरने पाहिलं. काळं पाणी होतं आणि त्यावर काही फळ्या.

"आता नाही दिसत."

कप्तान थबकला. पुन्हा चालू लागला.

"जपून. इथं भेग आहे," तो म्हणाला आणि त्याने हाल्वरचा हात आणखी घट्ट धरला.