सलूनमधला पिंजरा

मी पिंजरा बोलतोय. दचकू नका, माझ्यात पोपट नाही, माणसाचं पिल्लू आहे. खोक्यावर माझं नाव 'बाळाचं खेळघर' असं झोकात छापलं होतं. पण सलूनमध्ये आल्या दिवशीच एका गिऱ्हाइकाने मला 'पिंजरा' म्हटलं आणि तेच चिकटलं.

चार बाजूंना जाळी, वरून मऊ कड, खाली गादी. दार ठेवायचं काही कुणाला सुचलं नाही. ठमीची आई कारखान्यातून संध्याकाळी येते, तोवर लेक माझ्या हवाली. सलून चालवणारा बाप तरी काय करणार बिचारा? एकीकडे वस्तरे-कात्र्या, दुसरीकडे गरम पाणी.

ठमी माझ्यातच रांगली, जाळीत बोटं अडकवून उभी राहिली. मग कड धरून चालू लागली, दिवसभर गोल गोल. मला केवढा अभिमान वाटायचा! पण दीड वर्षाची झाली तरी कड काही सुटेना. "पोरगी चालत कशी नाही हो?" असं कुणी विचारलं की बाप हसून वेळ मारून न्यायचा. दुकान रिकामं झालं की मात्र तिचे पाय चोळत बसायचा, डोळे पुसायचा.

एकदा कवायतीचे जुने मास्तर अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून खुर्चीतून उठले. "अरे, पाय ठणठणीत आहेत तिचे! सतत कड हाताशी असेल तर सोडेल कशाला? जरा पडू दे की!"

"आणि लागलं म्हणजे?"

"लागेल, रडेल, उठेल. तू काय पोटातूनच पळत आलास?"

सुट्टीच्या दिवशी बापाने हत्यारं वर ठेवली, फरशी पुसली आणि ठमीला बाहेर काढलं. तर तिने बाहेरून माझी जाळी धरली आणि आत घे म्हणून भोकाड पसरलं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी बापाने माझी घडी करून मला मागच्या खोलीत ठेवलं. मला दिसत काहीच नव्हतं. धप्प! रडणं. पुन्हा धप्प! किती वेळ चाललं कोण जाणे. मग बापाचा रडवेला आवाज, "अगं, आलीस की! चालत आलीस!"

आज दुकान उघडलंय, ठमी पुन्हा माझ्यात आहे. जाळीला हातही लावत नाही. मधोमध, आपल्या पायांवर उभी आहे आणि "बाबा, बाबा" करतेय. बाप पाठमोरा, हातात वस्तरा, बाकावर आणखी चौघं खोळंबलेले.

अहो, चौघांपैकी कुणीतरी उठा ना. मला हात असते तर मीच तिला बाहेर ठेवलं असतं.