हसण्याचा शॉट

‘कट’ म्हटल्यावरही श्रीपाद हेमाडे यांचं हृदय सुरू झालं नाही. डोळे उघडे, कान जागे, छातीत मात्र सामसूम. दिग्दर्शक ऋताने त्यांचं मनगट धरून पाहिलं.

"काका, अजून मेलेलेच आहात. हरकत नाही. हसण्याचा शॉट घेऊन टाकू."

रीतच आहे ती. पडद्यावर मेलेल्याने त्याच कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, मग मरण उतरतं. न हसल्यास उतरत नाही. अठरा मिनिटांच्या थरारपटालाही यातून सूट नाही.

त्यांच्या तोंडावर उशी दाबणारी वैदेही तेवढी थांबली नव्हती. खून करून जिना उतरत राहायचं, असं तिला सांगितलं होतं; ‘कट’ तिच्यापर्यंत पोहोचलंच नाही. इमारत तीन मजली. तिची पावलं एव्हाना चाळीस मजले खाली गेली होती आणि अजून स्वच्छ ऐकू येत होती.

हेमाडे हसले. ओठ मिटून.

छत हातभर खाली आलं.

"खोटं आहे, काका," कॅमेऱ्यामागून तन्मय म्हणाला. "उशी येताना काय ओठ आवळलेत तुम्ही, इकडे माझा श्वास अडकला. आता सोडा की ते."

पुन्हा हसले. मिटूनच. छत आणखी हातभर. तन्मय कॅमेऱ्यासकट गुडघ्यांवर आला. हेमाड्यांची नखं निळी पडली होती. मघापर्यंत हलणारा अंगठा आता हलेना.

तिसऱ्यांदा.

ऋता आडवी झाली. तेवढ्यात फोन वाजला, हेमाडेकाकूंचा. तिने पडल्यापडल्याच तो स्पीकरवर टाकला.

"यांचं आटपलं का गं?"

"मेलेत, काकू. पण हसत नाहीयेत."

"हसतील कसे? कवळी इथे वाटीत पडलीय. बोळकं दिसेल म्हणून बसले असतील सकाळपासून तोंड मिटून. लग्नाच्या फोटोतही असेच. तेव्हा तर पुढचा एकच दात नव्हता. मला वाटलं, केवढा गंभीर माणूस मिळाला."



मग हेमाडे हसले. बोळकं सताड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. छातीत एक ठोका पडला, मागोमाग दुसरा. छत वर गेलं. तन्मय उभा राहिला.

"शॉट मिळाला," तो म्हणाला.

हसू उघड्या दारातून जिन्यात गेलं. खाली पावलं थांबली.

मग वर येऊ लागली.

"वळली बाई एकदाची," ऋता म्हणाली. सगळ्यांनाच हायसं वाटलं. थर्मासमधला चहा कपांत ओतला गेला. हेमाड्यांनी वैदेहीचा कप हातात धरला. तोंड मोकळं टाकून बसायला किती बरं वाटत होतं. तीस मजले खाली, मग वीस, मग तळमजला. पावलं सावकाश, एकसारखी.

"ये गं, चहा निवतोय," ते दाराकडे बघून म्हणाले आणि त्यांनी कप पुढे केला.

दारातून आधी उशी आत आली.