दाट विणीचा ग्रंथ

मी अर्थशास्त्राचा साडेआठशे पानी इंग्रजी ग्रंथ बोलतोय. वजन पावणेदोन किलो. हे मी मिरवायला सांगत नाही. माझी निवडच त्यावर झाली.

त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये नवागामचे खानदेशी लोटूआबा मुलीला घेऊन सुरतेतल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानात आले. आबा लूमवर कापड विणायचे. त्यांची गायत्री घरातली पहिली कॉलेजकन्या, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, गुजराती माध्यमात. ती अभ्यासक्रमाचा कागद काढेपर्यंत आबांनी माझं पान चिमटीत धरून चोळलं, उजेडात धरलं आणि मला तळहातावर तोललं.

“हाईच ली ले, पोरी. माल दाट शे!”

झाली खरेदी. मला कोणी वाचून पाहिलं नाही. मलाही तेव्हा भारी वाटलं, खोटं कशाला बोलू?

आबा येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायचे. शेजारचे भटूनाना तर मला उचलून म्हणाले, “पोर कलेक्टर व्हई गयी समज!” गायत्री बिचारी डिक्शनरी घेऊन माझ्याशी झटायची. एका पानाला एक अख्खी दुपार. पहिल्या चाचणीत पन्नासपैकी सात मिळाले. वार्षिक परीक्षेत नापास झालीस तर कॉलेज बंद आणि साड्यांच्या घड्या घालायचं काम, असं तिच्या आईनं, प्रमिलाबाईंनी बजावलं. तरी पोरगी आबांपुढे तोंड उघडेना. त्यांचा उतरलेला चेहरा तिला पाहवला नसता. मला माझ्याच जाडीची लाज वाटू लागली.

दिवाळीच्या आधी ती अखेर बोलली. “आबा, माल चांगला शे. पन मना मापना नही.”

आबा उठले. मग चपला घालत म्हणाले, “पयलेच का बरं सांगं नही? चाल.”

दुकानात या खेपेला आबांनी कशालाच हात लावला नाही. “पहले लडकी पढेगी, फिर लेंगे,” असं दुकानदाराला सांगून ते तासभर दारात उभे राहिले. गायत्रीने कागद समोर ठेवून चार पुस्तकं चाळली. चौथं गुजरातीतलं, अगदी किडकिडीत. ते वाचता वाचता ती एकदम हसली. “आबा, माले समजस!” आबांचे डोळे भरून आले. माझ्या पहिल्या पानावर त्यांनी हौसेने गायत्रीचं नाव घातलेलं होतं, त्यामुळे दुकानदार मला काही परत घेईना.

गायत्री छप्पन्न टक्के मिळवून पास झाली. पेढा खाता खाता भटूनानांनी मला मागितलं, त्यांच्या लखनसाठी. लखन आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करतो.

बाबांनो, मी कुठेही यायला तयार आहे. पण आधी माझं एक पान वाचून बघा. नाही कळलं तर खुशाल फळीवर ठेवून द्या, मी रागावणार नाही. एका हुशार पोरीला मी पाच महिने मठ्ठ ठरवलं. ते पाप मला पुन्हा नको.