सिस्टरची अंघोळ

"आई, कडी काढा."

"काही नको. होतंय माझं."

होत मात्र काहीच नव्हतं. प्लॅस्टरमधल्या उजव्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून सिस्टर न्हाणीघरात स्टुलावर बसल्या होत्या. शाम्पूचा फेस डोळ्यांत उतरत होता आणि पाण्याचा मग घरंगळत कुठेतरी कोपऱ्यात गेला होता. तो चाचपडताना त्या पुन्हा घसरता घसरता वाचल्या. "न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही," असा दम जन्मभर पेशंटना भरणाऱ्या बाईने आज स्वतःच कडी लावली होती, आणि तीही सुनेच्या धाकाने.

हॉस्पिटलातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी चर्चमधली सगळी मंडळी त्यांना सिस्टरच म्हणत. कुणी अंथरुणाला खिळलं की साबण-टॉवेल घेऊन सिस्टर दारात हजर. नखं कापायची, पाठ पुसायची, चादर बदलायची आणि जाता जाता घरच्यांना झापायचं. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितलं तर मात्र त्या मागे सरत. "मला बोलायला नाही येत, अंग पुसायला येतं," म्हणत.

पण स्वतःसाठी कुणाकडून काही घ्यायचं म्हटलं की बाई अडून बसायच्या. मनगट मोडल्यापासून सून न्हाऊ घालते म्हणत होती आणि यांचं उत्तर ठरलेलं, "मी काय पेशंट आहे?" डोकं चिकट झालं म्हणून मागच्या रविवारी त्या उपासनेलाच गेल्या नाहीत. आज प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. तेही चुकलं असतं तर त्यांच्या जिवाला फार लागलं असतं.

"आई, मी जात नाहीये इथून," सून दाराबाहेरून म्हणाली. "माझी आई आठवते ना तुम्हाला?"

न आठवायला काय झालं! सुनेची आई शेवटच्या आजारात याच घरात होती. तिचं सगळं सिस्टरनीच केलं होतं.

"पहिल्या दिवशी ती किती रडली होती. विहीणबाईंनी आपलं अंग धुवायचं म्हणजे लाजेनं मेल्यासारखं झालं होतं तिला. तुम्ही तिला काय म्हणालात?"

"मला नाही आठवत."

"तुम्ही म्हणालात, 'प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्यांना पाय पुढे करावेच लागले ना? तेही कामच आहे, विहीणबाई. तेवढं करा.'"

आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

सुनेने आधी टॉवेल घेतला आणि सासूचे खांदे नीट झाकले. पाणी कोपराने पाहिलं. "आता पाणी घालते हं, डोळे मिटा." थोड्या वेळाने, "आता मानेमागे हात लावते." सिस्टर चमकल्या. प्रत्येक गोष्ट पेशंटला आधी सांगायची आणि मगच हात लावायचा, ही त्यांची रीत. सुनेला त्यांनी ती कधीच शिकवली नव्हती. आपल्या आईच्या खोलीच्या दारात उभी राहून पोरीने सगळं टिपून घेतलं होतं.

"नखं लावू नकोस, बोटांनी चोळ," हे अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. खरं तर बोटंच होती, आणि ती फार मायेने फिरत होती. एवढ्या लोकांना न्हाऊ घातलं, पण दुसऱ्याच्या हातचं कोमट पाणी टाळूवरून उतरतं तेव्हा कसं वाटतं, हे आज कळत होतं. देवा, किती बरं वाटतंय, त्या मनात म्हणाल्या. यापेक्षा मोठी प्रार्थना त्यांना सुचली नाही.

"डोळ्यांत गेलं का, आई?"

"हो. गेलं थोडं."

फेस तर केव्हाच वाहून गेला होता. सुनेने पदराने सासूचे डोळे टिपले.

"अंबाडा काही मला जमत नाही. वेणी घालू?"

"घाल."

चर्चमध्ये शेजारच्या बाकावरच्या बाईला हसू आवरेना. "हे काय सिस्टर, या वयात वेणी? आणि तीही अशी वाकडी?"

सिस्टरचा डावा हात वेणीकडे गेला. त्यांनी ती सारखी केली नाही, नुसती खांद्यावरून पुढे घेतली.

"माझ्या सुनेनं घातलीय," त्या म्हणाल्या आणि मागून आलेल्या सुनेला बसायला बाकावर सरकून जागा केली.