पांढरा हात

"असा नमुना सहजासहजी मिळत नाही हो," खनिजं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. भिंगाखाली रंगाऱ्याच्या भिंतीचा टवका होता आणि बाईंचा चेहरा नुसता फुलला होता. एरिओनाइट म्हणे त्याचं नाव. वाळूच्याच कुळातलं, सिलिकेट; पण ज्वालामुखीच्या राखेच्या दगडात, तेही कुठंकुठंच, लोकरीसारखं वाढतं. आतून रंगाऱ्याची बायको खोकली, तेव्हा कुठे बाईंना भान आलं.

तेच तंतू श्वासातून तिच्या छातीत रुतले असणार, असा डॉक्टरांचा संशय होता. त्यांनीच बाईंना पाठवलं होतं. टेकडीवरचा तो मऊ दगड कुटून रंगाऱ्याने जन्मभर घरं पांढरी केली होती. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लेकीच्या लग्नात तर तिचं अख्खं घर त्याने आतून-बाहेरून रंगवून दिलं आणि गावभर तोरा मिरवला.

कसं काढायचं ते लवकरच येऊन सांगते, असं म्हणून बाई गेल्या. पण बायकोला कुठला धीर!

"माझं व्हायचं ते झालं," ती म्हणाली. "लेकीच्या भिंती आधी साफ करा. तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

रंगाऱ्याने कंबर कसली. जावयाला हाताशी घेतलं. शेजाऱ्यांकडे धूळ जायला नको म्हणून या शहाण्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. बाहेर गारठा होता, म्हणून लेक तान्हीला घेऊन आतच बसली. दिवसभर भिंती कोरड्याच खरवडल्या. धुरळा इतका उडाला, की एकमेकांची तोंडं दिसेनात. नातीला शिंक आली की सगळे हसायचे.

बाई तिथे पोचल्या आणि उघड्या भिंती बघून उंबऱ्यातच थबकल्या.

"अहो, भिंतीवर होतं तोवर ते निदान गप्प होतं. आधी माणसं बाहेर काढायची, मग भिंत ओली करायची. एकदा छातीत गेलं की ते तिथंच राहतं. कळतं ते वीस-तीस वर्षांनी." मग त्यांनी हळूच विचारलं, "घरात कोण कोण होतं?"

जावई उठून बाहेर निघून गेला. लेक तान्हीचं अंग पुसत बसली, पुन्हा पुन्हा तेच.

घरी बायको उशीला टेकून वाट बघत होती.

"निघालं का हो सगळं?"

"निघालं," तो म्हणाला. "कणसुद्धा ठेवला नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली, आणि तो तिला एकेक घास भरवत राहिला.