पाहुण्यांसाठी अल्बम

मुबीनने लोकरीची टोपी काढून खिशात कोंबली, स्टुलावर बसला आणि हनुवटी वर केली. आल्टोना स्टेशनसमोरचा तो तुर्की फोटोवाला एक डोळा मिटून दोन पावलं मागे सरकला.

"अजून वेळ आहे," मागच्या बाकावरून हृषिकेश म्हणाला. "समोर दुकान आहे. दोन युरोत रेझर मिळतो. स्टेशनच्या टॉयलेटमध्ये उडवून टाक, पाच मिनिटांचं काम."

"तू गप्प बस. फोटोत माझं तोंड वाकडं येईल."

"वाकडं आलं तरी चालेल रे, गुळगुळीत आलं पाहिजे."

फोटोवाल्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण हृषिकेशचा गालावरून फिरणारा हात त्याने पाहिला. कॅमेरा खाली घेऊन त्याने जर्मनमध्ये विचारलं, "दाढी काढून येणार असाल तर थांबतो. अमेरिकेचाच फोटो ना? चौकोनी?"

"चौकोनीच," मुबीन म्हणाला. "आणि आहे तसाच."

फ्लॅश पडला.

मुबीन परकार मूळचा चिपळूणजवळचा. हॅम्बर्गमध्ये शिकला, तिथेच विमानाच्या आतलं सामान बनवणाऱ्या कंपनीत लागला. डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यांची नवी बिजागरी त्याने काढली होती. झाकण धाडकन पडत नाही, हळू येऊन बसतं. टेक्सासच्या एका गिऱ्हाइकाला ती भलतीच आवडली आणि त्यांनी बोलावलं, येऊन समजावून सांगा. आता हे साल २००४. टीमच्या बाई, फ्राउ क्लासेन, फार सभ्य. त्या म्हणाल्या, "तर मुबीन, हृषिकेशला पाठवलं तर व्हिसा लवकर होईल, नाही का? तुलाच त्रास नको." मुबीन म्हणाला होता, "बिजागरी माझी आहे. त्रासही माझाच." फ्राउ क्लासेननी चष्मा काढून पुसला आणि मंगळवारी बर्लिनला वकिलातीत जायची सुट्टी मंजूर केली.

फोटो घेऊन दोघं हृषिकेशच्या घरी आले. त्याच्या बायकोने, मुक्ताने, सवयीने चहाचं आधण ठेवलं आणि जीभ चावली.

"अगं, तुम्ही प्या की," मुबीन म्हणाला. "रोजा माझा आहे, तुझ्या गॅसचा नाही."

किचनच्या टेबलावर फॉर्म पसरला. सोळा ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांसाठी एक जास्तीचा कागद होता. हृषिकेशने तो मोठ्याने वाचायला घेतला.

"जमातीचं किंवा टोळीचं नाव. ए, टोळी विचारतायत!"

"खोत लिहितो."

"मला विचारलं असतं तर मी काय लिहिणार? कोब्रा? थेट विमानातून उतरवतील."

"दोघांनी मिळून 'चिपळूण एसटी डेपो' लिहा," मुक्ता म्हणाली. "त्याच्याइतकी टोळी जगात नाही."

तिघंही हसले. मुबीनने 'लागू नाही' लिहिलं. गेल्या दहा वर्षांत गेलेले देश लिहिले, शाळा-कॉलेजं लिहिली, हत्यार चालवता येतं का तिथे 'नाही' लिहिलं. मग पेन थांबलं. ते उचलून तो एकदम पुढच्या रकान्यावर गेला.

मुक्ताने चहाचा कप खाली ठेवला. "हे राहिलं की. अमेरिकेत भाऊ किंवा बहीण आहे का? आणि हे, कोणाकडे उतरणार, नाव-पत्ता."

"बघतो."

"बघतो काय? रुबिनाताई आहे ना न्यू जर्सीला? तुझी सख्खी..."

"घरी जाऊन भरतो गं," मुबीन म्हणाला आणि कागद गोळा करायला लागला. हृषिकेशने मुक्ताकडे पाहिलं. तिने कप उचलून सिंकमध्ये ठेवला.

दाढीवर हट्ट करणं सोपं होतं. दाढी स्वतःच्या तोंडावर होती. हा रकाना मात्र दुसऱ्याच्या दारात जाऊन बसणार होता.

झालं होतं असं. तीन वर्षांपूर्वी, २००१च्या नोव्हेंबरात, मुबीनचं दार वाजलं. तेव्हा तो एका खोलीत राहायचा, शेवटच्या सेमिस्टरला होता. सप्टेंबरात अमेरिकेत इमारतींवर विमानं घातलेल्यांतले काही जण याच शहरात शिकलेले होते; त्या महिन्यात हॅम्बर्गमध्ये इंजिनियरिंग शिकणाऱ्या मुसलमान पोरांची दारं वाजतच होती, त्यामुळे त्याला फार धक्का बसला नाही. दोघं जण, साधे कपडे, ओळखपत्र दाखवून आत आले. एक पन्नाशीचा, एक त्याच्याच वयाचा. आवाज न चढवता बोलत होते. थोडी माहिती हवी होती, म्हणाले.

आता घरी माणूस आला म्हणजे तो पाहुणा. परकारांच्या घरात यापलीकडे कोणाला काही शिकवलेलं नव्हतं. मुबीनने चहा टाकला. अम्मीने पाठवलेल्या नारळाच्या वड्या काढल्या. पन्नाशीवाल्याने दुसरी वडी मागून घेतली. मग ते म्हणाले, घरी कोण कोण असतं? मुबीनचा चेहरा खुलला. त्याने कपाटावरून आपाच्या लग्नाचा अल्बम काढला.

अल्बमची एकच प्रत होती आणि ती त्याच्याकडे होती. परदेशात एकटा आहेस, माणसं डोळ्यांसमोर असू देत, म्हणून अम्मीने बॅगेत घातलेली. पाऊण तास चालला तो अल्बम.

"हे मामू. कुवेतला असतात. हे दम्मामवाले चाचा. हे त्यांचे पार्टनर, बहारीनचे. हा सलवारवाला, हा मस्कतहून खास लग्नासाठी आलेला."

तरुणाने वही काढली. नाती लक्षात राहत नसतील बिचाऱ्याच्या, असं वाटून मुबीनने त्याला मामू आणि चाचा यांतला फरक नीट समजावून सांगितला.

"आणि ही नवरी?"

"माझी आपा! न्यू जर्सीला असते. पत्ता देऊ? कधी गेलात तर नक्की जा. जेवल्याशिवाय सोडणार नाही."

आणि स्वतःच्या अक्षरात, वहीच्या त्या पानावर, त्याने पत्ता लिहून दिला. झिपकोडसकट.

फेब्रुवारीत न्यू जर्सीहून दुल्हाभाईंचा, आपाच्या नवऱ्याचा, फोन आला. दोन माणसं आली होती घरी. मग परत आली. मग दुल्हाभाई ज्या औषधाच्या दुकानात कामाला होते तिथे आली. विचारत होती, हॅम्बर्गमध्ये तुमचं कोण आहे? त्या दिवसांत 'हॅम्बर्ग' हा शब्द अमेरिकेत नुसता उच्चारला तरी लोक वळून बघायचे. झालं काहीच नाही तसं. कोणाला पकडलं नाही, कोणाला हाकललं नाही. फक्त दुल्हाभाईंच्या कोटावरच्या बिल्ल्यावर अन्वरचा 'अँडी' झाला. खिडकीत झेंडा आला. बाहेरच्या लेटरबॉक्सवरचं नाव गेलं, नुसता घराचा नंबर राहिला. आणि आपा, जी दर फोनला "कधी येतोस रे?" म्हणायची, तिने ते विचारणं सोडलं. आता नुसतं अम्मीचे गुडघे, तिच्या लेकाचा, झैदचा खोकला, ठेवते हं.

मुबीनने अल्बमचं कोणाला सांगितलं नाही. त्या पत्त्यामुळेच झालं की नुसत्या शहराच्या नावामुळे, त्याला कधी कळलं नाही, कळणारही नव्हतं. अल्बम त्याने बॅगेत घालून बॅग कपाटावर चढवली. त्याच महिन्यात दाढी वाढवायला घेतली. घरमालक म्हणाला, बेलवर नुसतं 'प.' लिहिलं तरी पोस्टमन ओळखेल. तर याने नवी पाटी करून आणली, मुबीन अब्दुल्ला परकार, सगळ्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात लांब.

आणि गेल्या आठवड्यात दुल्हाभाई म्हणाले होते, "सालेसाहेब, ये, जरूर ये. पण फॉर्मवर हॉटेल लिही. बिल मी देतो. आणि ते बहिणीचं विचारतात ना, तिथे 'नाही' लिही."

"दुल्हाभाई, ते खोटं होईल."

"झैद सात वर्षांचा आहे. त्या वेळी चारचा होता. सोफ्याच्या मागे जाऊन बसला होता तो. तुला काय खरं-खोटं करायचंय ते कर."

आता करा काय करायचं ते. 'आहे' लिहिलं की ती माणसं पुन्हा आपाच्या दारात. 'नाही' लिहिलं की आपा नाही.

घरी येऊन त्याने फॉर्म टेबलावर ठेवला, बाजूला बशीत तीन खजूर आणि पाण्याचा ग्लास. मशिदीतून आणलेल्या वेळापत्रकाप्रमाणे रोजा सुटायला सहा मिनिटं होती. फोन वाजला.

"मुबीन, फॉर्म कुठेय?" रुबिनाआपा. ना सलाम ना दुआ.

"समोर आहे."

"भरलास?"

"तेवढं एक राहिलंय."

"काय लिहायला सांगितलंय तुला?"

मुबीनने बशी थोडी पुढे सरकवली, थोडी मागे घेतली. "हॉटेल. आणि बहीण नाही म्हणून."

"हं. मला काल सांगितलं त्यांनी. जेवताना. मीठ कमी पडलंय सांगावं तसं."

"आपा, ते चुकीचे नाहीत. त्यांची नोकरी, झैदची शाळा..."

"त्यांचं बरोबर-चूक माझं मी बघीन. नवरा माझा आहे की तुझा?"

मुबीनला हसू आलं. तो उठून उभा राहिला. खिडकीशी गेला. खाली पाऊस पडत होता, सायकलवाले माना खाली घालून चालले होते.

"आपा, मला एक सांगायचंय."

"बोल."

"तुझा पत्ता मीच दिला होता. इथल्या पोलिसांना. माझ्या हाताने लिहून."

पलीकडे भांड्यावर डाव ठेवल्याचा आवाज आला. मुबीनने खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"अल्बम दाखवलास?" आपाने विचारलं.

"हो."

"सगळा?"

"हो."

"हळदीचे पण? मुबीन! हळदीत मी कशी दिसते, ठाऊक आहे ना तुला?"

"आपा, मी काय सांगतोय..."

"मला माहीत होतं रे. पहिल्याच दिवशी. हीटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तू अल्बम दाखवला होतास, तूच सांगितलंस मला. पोलिसांना नसता दाखवलास तर नवल वाटलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"राग आला होता. थोडाथोडका नाही. दोन वर्षं टिकला. मग राग गेला आणि वाट बघत बसले, हा स्वतःहून सांगतो का. तर तू दाढी वाढवून बसलास. दाढीने काय मला फोन करायचा होता?"

मुबीनने दाढीवरून हात फिरवला.

"सकाळी लेटरबॉक्सवर नाव लावलं," ती म्हणाली. "झैदने रंगवलंय. मुकादम. त्याने तेवढ्यात एक डायनोसॉर पण काढलाय, तो राहू दिलाय. हे दुकानात गेलेत, संध्याकाळी येऊन बघतील. तेव्हाचं तेव्हा. पेन घे."

"आपा, नीट विचार कर. ते परत येतील."

"तीन वर्षं विचारच करतेय. घे पेन."

तो टेबलाशी येऊन बसला. तिने घराचा नंबर सांगितला, मग गल्ली, मग गाव, मग झिपकोड, एकेक आकडा सुटा, लहानपणी त्याला पाढे शिकवायची तसा. पत्ता त्याला तोंडपाठ होता. तरी ती सांगेल तेवढंच, सांगेल तसंच तो लिहीत गेला.

"आता नाव. रुबिना अब्दुल्ला परकार मुकादम."

"माहेरचं कशाला?"

"बहीण विचारलीय ना त्यांनी? मग लिही ना, कोणाची आहे ती."

रकान्यात जागा कमी होती. 'मुकादम' चौकटीच्या बाहेर गेलं. मुबीनने ते तसंच राहू दिलं.

"झालं?"

"झालं."

"वाचून दाखव."

त्याने वाचून दाखवलं. झिपकोड तिने दोनदा वाचायला लावला.

"आणि अल्बम घेऊन ये," ती म्हणाली. "इथे माझ्याकडे एक फोटो नाही. झैदला आजोळ कळलं पाहिजे. आणि ते दोघं परत आलेच, तर या वेळी दारात उभं नाही करायची मी त्यांना. आत बसवणार. चहा देणार. पहिल्या पानापासून सगळं दाखवणार, वऱ्हाड निघालं तिथपासून. बघू किती वेळ बसतात."

"हळदीचे?"

"हळदीचे तू काढून ठेव. बरं, रोजा सोडलास का?"

मुबीनने घड्याळ पाहिलं. वेळ टळून अकरा मिनिटं झाली होती.

"सोडतोय."

"आमच्याकडे दुपार आहे अजून. तू खा. ठेवते." आणि फोन ठेवता ठेवता, घाईघाईत, "कधी येतोस रे?"

त्याने तारीख सांगायच्या आत फोन कट झाला होता.

मुबीनने खजूर तोंडात टाकला, ग्लासभर पाणी प्यायला आणि खुर्चीवर चढून कपाटावरची बॅग खाली काढली. धूळ झटकली. अल्बम उघडून हळदीच्या पानावर आला. तिघी-चौघींनी मिळून आपाला माखलेलं, डोळे मिटलेले, तोंड वेडंवाकडं. त्याने फोटोच्या कोपऱ्याखाली नख घातलं, जरा थांबला, आणि कोपरा पुन्हा दाबून बसवला.

मग त्याने बॅग भरायला घेतली. व्हिसाचा अजून पत्ता नव्हता, तरीही. खाली कपडे, त्यावर बिजागरीची ड्रॉइंग्ज आणि सगळ्यात वर अल्बम. विमानतळावर कोणी बॅग उघडलीच तर आधी तोच हाताला यावा असा.