पांझरेवरची नाव आणि दोन बहिणी

मित्रांनो, धुळ्यात पांझरा नदीच्या देवपूरकडच्या काठावर एक हिरवी-पांढरी नाव बांधलेली दिसली, तर ती मी आहे असे समजा. माझ्या अंगावर ठळक अक्षरांत 'सबा' असे लिहिले आहे. माझा मालक असलम याच्या धाकट्या मुलीचे ते नाव. मी फार बोलकी नाही. माझ्या पोटात बसून माणसे बोलतात आणि मी ऐकते. पण आज मला थोडे बोलू द्या.

माझा जन्म पांझरेवरचा नाही. तापीकाठच्या एका गावात अतिक मिस्त्रींनी मला घडवले. सागाची फळी हाती आली की ते आधी तिच्यावर बोटांनी टकटक करत आणि कान लावून ऐकत. फळ्यांच्या फटींत त्यांनी कापूस ठासून भरला, वरून गरम डांबर ओतले. मला पहिल्यांदा पाण्यात ढकलले तेव्हा लोक नारळ फोडत होते, पण मिस्त्री मात्र आत वाकून माझ्या तळावर हात फिरवत होते, कुठे ओल तर लागत नाही ना म्हणून. तो खरबरीत हात मला अजून आठवतो.

पुढे कित्येक वर्षे मी तापीवर या काठाची माणसे त्या काठाला नेली. शाळेची मुले, शेळ्या, खताच्या गोण्या, सायकली, सासरी निघालेल्या मुली, सगळे माझ्यातून गेले. एकदा दवाखान्यात निघालेली एक बाई मध्यधारेतच बाळंत झाली. या काठाहून नवराबायको दोघेच बसले होते, त्या काठाला तिघे उतरले. त्या दिवशी नावाडी माझ्या टोकाला हात लावून पाया पडला होता.

मग नदीवर पूल झाला. पहिले काही दिवस पुलावरून जाणारी माणसे खाली बघून मला हात करत. नंतर कोणी बघेनासे झाले. मला काठावर आणून एका बाभळीखाली पालथे घातले. माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. मित्रांनो, ज्याचे काम संपते त्याच्याकडे कोणी रागाने बघत नाही, कोणी बघतच नाही. त्याचे मला फार वाईट वाटे.

असलम धुळ्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. एका शेतकऱ्याचा पंप बघायला तो आमच्या गावी आला आणि बाभळीखाली सावलीला टेकला. टेकता टेकता त्याने माझ्यावर हात ठेवला आणि तसाच बराच वेळ बसून राहिला. काही दिवसांनी तो ट्रक घेऊन आला. नाव महामार्गावरून चाललेली पाहून मोटारीतली मुले खिडकीतून बोटे दाखवून हसत होती. मलाही हसू येत होते. जन्मभर पाण्यावर राहिलेली मी, चाकांवर बसून धुळ्याला निघाले होते.

त्याची बायको अमिनाबी हिने मला अंगणात उतरवताना पाहिले आणि हा माणूस पुरता बिघडला आहे असे शेजारणीला सांगून टाकले. पण दुसऱ्याच दिवशी तीच पदर खोचून माझ्या अंगावरचे शेवाळ खरवडायला बसली. असलमने मला बाके बसवली, वर छत घातले, मागे पेट्रोलवर चालणारे मशीन लावले. पावसाळ्यानंतर मोठ्या पुलापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत पांझरेत पाणी साठून राही. त्या पाण्यात तो लोकांना सहल घडवू लागला. एकवीरा देवीचे मंदिर पाण्यातून कसे दिसते, पुलाखाली पाकोळ्या कुठे घरटी करतात, तारेवर बसलेला खंड्या मासा कसा टिपतो, हे तो रंगवून सांगे. धुळ्यातच जन्मलेली माणसे म्हणत, आपले गाव इतके देखणे आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हते. कोणाला आपल्यापुरती सहल हवी असली तर तो पूर्ण नाव त्यांनाच देई. तेव्हा अमिनाबी माझ्या बाकांवर धुतलेल्या चादरी घाली.

पण कौतुकाच्या दिवसांतच माझ्याकडे दुर्लक्ष होऊ लागले. एका उन्हाळ्यात पांझरा आटली. मी तापलेल्या वाळूवर उघडी पडून राहिले. माझ्या फळ्या वाळल्या, आकसल्या आणि तळाशी एक फट पडली. अमिनाबीने दोनतीनदा आठवण करून दिली की आधी डांबर भरा. असलम 'करतो' म्हणाला आणि सहलीचे दिवस आले म्हणून घाईने वरून नवा रंग देऊन मोकळा झाला. लोक म्हणाले, नाव अगदी नवी दिसते. फट तशीच होती. ते फक्त मला ठाऊक होते आणि मला सांगता येत नव्हते.

अशात एके दिवशी डिंपल नावाची मुलगी असलमला भेटायला आली. तिचे लग्न ठरले होते. तिची आई धुरपदाबाई देवपुरात राहायची आणि मावशी भिकुबाई नदीपलीकडे जुन्या धुळ्यात. दोघी सख्ख्या बहिणी, माहेर रावेरकडचे, केळीच्या बागांतले. मध्ये एवढीशी नदी आणि तिच्यावर पूल, तरी कित्येक वर्षे दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या. त्यांची आई गावी वारली तेव्हा धुरपदाबाईने धाकटीला वेळेवर निरोप दिला नाही, आणि भिकुबाईला आईचे शेवटचे दर्शन झाले नाही. तेव्हापासून अबोला. एकमेकींचा विषय निघाला की दोघी उठून स्वयंपाकघरात जात. डिंपलला मावशीशिवाय लग्नाला उभे राहायचे नव्हते. म्हणून तिने आणि मावसभाऊ योगराजने मिळून ठरवले की दोघींना नावेत बसवायचे. नावेतून उठून जाता येत नाही.

असलमला ही गोष्ट पटली. ठरलेल्या संध्याकाळी डिंपल आणि धुरपदाबाई देवपूरच्या काठावरून बसल्या. असलमने दोघींना नारिंगी जाकिटे घालायला दिली आणि मला पलीकडच्या घाटाला नेले. तिथे योगराज आपल्या आईला घेऊन उभा होता. भिकुबाईने एक पाय माझ्यात टाकला आणि तेवढ्यात तिला समोर बहीण दिसली. ती तशीच थांबली. एक पाय पायरीवर, एक माझ्यात. मी काठापासून हळूहळू सुटू लागले.

असलम शांतपणे म्हणाला, "मावशी, असं उभं राहता येत नाही. नाव थांबणार नाही. एकीकडं या."

भिकुबाई आत आली. मायेने नव्हे, पडण्याच्या भीतीने आली. ती मागच्या बाकावर बसली. धुरपदाबाई पुढच्या बाकावर पाठ करून बसली. असलमने मशीन चालू केले आणि नेहमीसारखे मंदिर दाखवले, पाकोळ्या दाखवल्या. कोणी मान वळवली नाही. डिंपल एकदा आईकडे बघे, एकदा मावशीकडे. योगराज नुसता पाण्याकडे बघत होता. माझ्यातून हजारो माणसे गेली असतील, पण इतके जड ओझे मी कधी वाहिले नव्हते.

आदल्या दिवशी वरच्या भागात पाऊस झाला होता. पाण्याला ओढ होती आणि खालून बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. आम्ही परत वळणार, तेवढ्यात मशीनने एक आचका दिला आणि ते बंद पडले. लोकांनी नदीत टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, एक फाटकी साडी आणि जलपर्णी, सगळे मिळून मशीनच्या पाण्यातल्या पंख्याला गच्च गुंडाळले गेले होते. मी आडवी झाले आणि बंधाऱ्याच्या दिशेने वाहू लागले. त्याच वेळी माझ्या तळाची ती फट उघडली. डिंपलच्या चपलांखाली पाणी आले.

असलमचा चेहरा उतरला. पण त्याने हात थांबवले नाहीत. "बठ्ठं ठीक शे, सगळं ठीक आहे, घाबरू नका," एवढे म्हणून त्याने सुरी काढली आणि मागे ओणवा होऊन पंख्याची गुंडाळी कापायला लागला. योगराजने त्याचे पाय घट्ट धरून ठेवले. डिंपल डब्याने पाणी उपसू लागली. बाकाखाली दोन वल्ही होती, पण ती मारायला कोणी उरले नव्हते.

धुरपदाबाईने एक वल्हे ओढून काढले. भिकुबाईने दुसरे. डिंपल बघतच राहिली. तिला माहीत नव्हते की या दोघींच्या वडिलांचे शेत तापीच्या पलीकडे होते आणि लहानपणी न्याहारी पोचवायला दोघी डोंगा घेऊन जायच्या. दोघी मधल्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या, कारण वल्ही तिथूनच मारता येत होती. सुरुवातीला दोघींनी आपापल्या मनाने जोर लावला आणि मी जागच्या जागी फिरू लागले. बंधाऱ्याचा आवाज वाढत होता.

धुरपदाबाई समोर बघतच म्हणाली, "भिके, घाई नको करू. मी म्हनीन तव्हा वढजो."

आणि तिने ताल धरला. "हं, वढ. हं, वढ." भिकुबाईचे वल्हे मोठ्या बहिणीच्या वल्ह्याबरोबर पाण्यात पडू लागले. माझे तोंड सरळ झाले. आधी मी वाहायची थांबले. मग इंच इंच करत देवपूरच्या काठाकडे सरकू लागले. मित्रांनो, दोन्ही बाजूंनी सारखा जोर आला म्हणजे नावेला काय वाटते, ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

मागे असलमने पंखा मोकळा केला. पण पाणी आत येत होते, आणि मशीन चालू केले तर हादऱ्याने फट वाढेल म्हणून त्याने ते चालू केले नाही. तो ओलाचिंब होऊन डिंपलच्या हातचा डबा घेऊन उपसायला बसला. फट बुजवायची राहिली हा आपलाच हलगर्जीपणा, हे त्याने कोणी न विचारता सांगितले आणि चौघांचीही माफी मागितली. बहिणी वल्ही मारतच होत्या. बंधाऱ्याचा आवाज आता मागे पडला होता. भिकुबाईला धाप लागली होती. त्या धापेतच ती बोलली.

"अक्का, तू मले काहून नाही सांगतलं?"

धुरपदाबाईचे वल्हे क्षणभर अडखळले. मग ती म्हणाली, "तुह्या पोराले ताप व्हता. तू दवाखान्यात त्याच्या उशाशी बसेल व्हती. मले वाटलं माय उठून बसीन, मंग सांगू."

योगराज वल्ह्यांशेजारीच उभा होता. आपल्या आजारपणाचा या अबोल्याशी काही संबंध आहे, हे त्याला तोवर कोणी सांगितले नव्हते. त्याने खाली मान घातली.

भिकुबाई म्हणाली, "यायचं का नाही, ते मी ठरोलं असतं. माय माही बी व्हती."

धुरपदाबाईला अजून कितीतरी सांगता आले असते. ती तेव्हा एकटी होती, घाबरलेली होती, रात्ररात्र जागलेली होती. पण तिने त्यातले काही पुढे केले नाही.

"हाव," ती म्हणाली. "ते माहं चुकलं, भिके."

भिकुबाई रडली नाही. तिने कपाळावरचा घाम दंडाला पुसला आणि वल्हे पुन्हा पाण्यात घातले. थोड्या वेळाने तिने विचारले, शेवटी मायने काय खाल्ले होते. धुरपदाबाई म्हणाली, दोन घास केळं आणि दूध. मग शेवटच्या दिवशी मायने कोणाकोणाची नावे घेतली, तिला कोणते लुगडे नेसवले, हे सगळे भिकुबाई एकेक करून विचारत गेली आणि धुरपदाबाई सांगत गेली. इतकी वर्षे जे ऐकायचे राहिले होते ते काठ येईपर्यंत ऐकून झाले नाही, पण सुरू झाले.

मी देवपूरच्या घाटाला लागले. असलमने रिक्षा बोलावून भिकुबाईला पलीकडे सोडण्याची तयारी केली. तिने हातानेच नको म्हटले. लुगडे ओले झाले आहे, अक्काच्या घरी जाऊन बदलते, असे ती योगराजला म्हणाली, जशी काही ती रोज तिथे जात होती. धुरपदाबाईचे गुडघे दुखायचे. तिला पायरीवर चढता येईना. भिकुबाईने तिच्या दंडाला धरले आणि दोघी एकदमच पाऊल टाकून वर गेल्या. दोघींचे वजन एकाच वेळी माझ्यावरून उतरले.

एका फेरीत सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. डिंपल नंतर असलमला सांगत होती की दोघी अजून अधूनमधून भांडतात. पण आता समोरासमोर बसून भांडतात. लग्नात वरमाईची खणानारळाने ओटी मावशीनेच भरली आणि अमिनाबीने मुलांसकट मांडवात जेवण केले.

दुसऱ्या दिवशी असलमने मला पाण्याबाहेर काढले. रंग खरवडला, फट साफ केली, अतिक मिस्त्रींसारखाच कापूस ठासला आणि डांबर भरले. आता तो सहलीला निघण्याआधी माझ्या तळावर हात फिरवतो. उन्हाळ्यात अमिनाबी माझ्यावर ओली पोती घालते. माझे वय झाले आहे, पण एवढ्या काळजीवर मी अजून बरीच माणसे फिरवून आणीन.

मित्रांनो, तुम्ही पुलावरून जाताना नदीत पिशवी टाकता, तेव्हा ती वाहून गेली असे तुम्हाला वाटते. ती कुठेही जात नाही, ती माझ्यासारखीच्या पंख्याची वाट बघत बसते. म्हणून तसे करू नका. आपल्यासाठी झिजणाऱ्या वस्तूंवर वरवर रंग देऊन भागवू नका, त्यांच्या तळाला हात लावून बघा. आणि कोणाचे काही मनात राहून गेले असेल तर ते साचू देऊ नका. मी लाकडाची आहे. माझी फट मला सांगता आली नाही, आत पाणी आले तेव्हाच ती माणसांना कळली. तुम्हाला तर बोलता येते.